याला मराठीत काय म्हणायचे?

मराठी शिकवणाऱ्या बाईला समाजात एक बिनपगारी हुद्दा आपोआप मिळतो. तो म्हणजे नावे सुचवण्याचा. पालघरच्या कॉलेजात मी मराठी शिकवू लागले त्याला आता वीसहून अधिक वर्षे झाली. तेवढ्या काळात किती बारशी, किती बंगले आणि किती गृहनिर्माण संस्था मी मार्गी लावल्या असतील त्याची गणती नाही. एका गृहस्थांना पिठाच्या गिरणीसाठी नाव हवे होते. मी 'अन्नपूर्णा' सुचवले, तर म्हणाले, "ते समोरच्या गिरणीचं आहे. तसंच, पण वेगळं द्या." लोकांना नेहमी तसेच, पण वेगळे हवे असते.

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या भाच्याने जे बारसे माझ्यापुढे ठेवले ते मात्र अगदीच वेगळे होते.

"आत्या, हनी एलला मराठीत काय म्हणायचं गं?"

"आधी एल म्हणजे काय ते सांग."

"बिअरच, पण जरा उबेत आंबवलेली. फळाफुलांचा वास येतो तिला."

"आणि हनी?"

"मध घालायचा. उन्हाळ्यासाठी हलकी करायची ना!"

"म्हणजे दारूच की रे," असे मी म्हणाले मात्र, तो असा काही दुखावला की जणू त्याच्या वाग्दत्त वधूला मी नाक नकटे म्हटले.

वाचकहो, दिवाळीच्या अंकात हा विषय कसा, असे म्हणून पान उलटू नका. याच आठवड्यात आपण घरोघर शोभेची दारू उडवणार आहोत आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. 'दारू' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला, आणि तिकडे त्याचा अर्थ औषध. आपण आजही आजाऱ्याचे 'दवादारू' करतो ते याच अर्थाने. मग तो शब्द तोफखान्यात शिरला आणि दारूगोळा झाला, आणि तिसरीकडे गुत्त्यात जाऊन बसला. बरे करणारी, उडवणारी आणि बुडवणारी अशा तिन्ही वस्तूंना एकच शब्द वापरून मराठी माणसाने मोठी काटकसर केली आहे खरी. पण त्यामुळे एक पंचाईत होते. ज्यात शंभरात पाच भाग मद्यार्क आहे ते पेयही दारू आणि ज्यात बेचाळीस भाग आहे तेही दारूच. दोघांना एका ओळीत उभे करून छडी मारायची, एवढेच आपल्या भाषेला ठाऊक.

संस्कृत या बाबतीत फार चोखंदळ होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे आख्खे प्रकरण आहे. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु अशी सहा नावे तिथे स्वतंत्र दिली आहेत आणि कशात काय घालायचे त्याची मापेही दिली आहेत. गंमत म्हणजे त्यातले 'मधु' हे मधाचे नव्हेच, द्राक्षांचे आहे. मध पडतो तो आसवात, कवठ आणि काकवी यांच्या जोडीला. पण माझे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. हा एवढा करडा कौटिल्य, गुत्त्यात कोण किती पितो यावर हेर ठेवणारा, पण कुटुंबवत्सल माणसाला सणासमारंभाला घरी पांढरी सुरा करायची आणि औषधासाठी अरिष्ट घालायची मोकळीक त्याने दिली आहे. उत्सव आणि यात्रा असतील तर चार दिवसांची सूट. पुढे मग दंड.

भाच्याला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "बघ! कौटिल्य आपल्या बाजूचा आहे." मी म्हटले, "कौटिल्य असेल, वहिनी नाहीत."

आता थोडे या भाच्याविषयी. हा बोईसरला राहतो, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधांच्या कारखान्यात केमिस्ट आहे. मध्ये दोन वर्षे इंग्लंडात नोकरीला होता. तिथे 1963 सालापासून घरी बिअर करायला परवाना लागत नाही. विकायची मात्र नाही. तिथल्या घरमालकाने त्याला ही विद्या शिकवली. अमेरिकेत हीच मुभा मिळायला 1978 साल उजाडले, आणि पुढे 2011 साली तर खुद्द व्हाइट हाउसच्या स्वयंपाकघरात, आवारातल्या पोळ्यांचा मध घालून हनी एल झाली. लोकांनी कृती मागितली तेव्हा सरकारने ती 2012 च्या सप्टेंबरात जाहीर करून टाकली. भाच्याने हा दाखला मला तीनदा सांगितला. राष्ट्राध्यक्षाच्या घरी चालते ते बोईसरच्या फ्लॅटमध्ये का चालू नये, हा त्याचा मुद्दा.

कृती ऐकण्यासारखी आहे. आपल्या बायकांना त्यात नवल वाटण्याजोगे फार थोडे सापडेल. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून आपण सत्त्व करतो. तसेच जवाचे करायचे. मोड आले की दाण्यात असे काही रस तयार होतात की पिठाची साखर व्हावी. ते भरडून 65 अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात तासभर ठेवायचे. पाणी गोड होते. ते गाळून तासभर उकळायचे आणि त्यात हॉप नावाच्या वेलीची कडू फुले टाकायची. (ही वेल भांगेच्या कुळातली आहे, हे मी वहिनींना सांगितलेले नाही.) मध मात्र उकळत्या पाण्यात नाही, विस्तव विझवल्यावर घालायचा, नाहीतर त्याचा वास उडून जातो. मग सगळे भराभर थंड करून यीस्ट टाकायचे आणि बरणीला असे बूच बसवायचे की आतली हवा बाहेर जावी, बाहेरची आत येऊ नये. दहा लिटरला दीड किलो जव, अर्धा किलो मध. पंधरा दिवसांनी पाच टक्क्यांच्या आसपासचे पेय तयार.

मधाने ते हलके कसे होते, हे मला कळत नव्हते. मध घातल्यावर जड आणि गोड व्हायला हवे, असे कुणीही म्हणेल. भाचा म्हणाला, "उलट आहे आत्या. जवातली सगळी साखर यीस्टला खाता येत नाही, थोडी मागे राहते, तिनेच बिअरला अंग येतं. मधातली जवळजवळ सगळी साखर यीस्ट फस्त करतं. गोडी जाते, वास तेवढा राहतो." गोडी जाऊन वास राहणे! मी म्हटले, हे तर ललित लेखनाचे वर्णन झाले.

पण खरी अडचण हवेची. ही यीस्ट थंड देशातली. तिला अठरा-वीस अंश मानवतात. मे महिन्यात बोईसरला रात्री दोन वाजतासुद्धा पारा सत्तावीस-अठ्ठावीसच्या खाली उतरत नाही. अशा उकाड्यात यीस्ट पिसाळल्यासारखी काम करते आणि मग पेयाला पिकल्या केळ्याचा, कधी चक्क रंगाच्या डब्याचा वास येतो, शिवाय दुसऱ्या दिवशी डोके दुखते ते वेगळेच. बरणीला ओले गोणपाट गुंडाळायचे किंवा नॉर्वेतल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली एक यीस्ट मागवायची, असे त्याचे दोन बेत होते. क्वाइक तिचे नाव. बर्फाच्या देशातली असून तिला सदतीस-अडतीस अंशांचा उबारा लागतो. सृष्टीत असे उफराटे प्रकार असतात.

हे सगळे मी ऐकत होते आणि खिडकीतून आमच्या माहेरच्या वाडीतले ताड दिसत होते. तारापूरची ही वाडी आता नावालाच उरली आहे. माझ्या लहानपणी तिथे बारा ताड होते, आता पाच आहेत. उन्हाळ्याला साजेसे, हलके, पाच टक्क्यांच्या आतबाहेरचे आणि उकाड्यातच आंबणारे पेय हवे असेल तर ते या किनाऱ्यावर झाडाच्या शेंड्याला लटकत होते. त्याला ना नॉर्वेची यीस्ट लागत होती, ना बूच. भंडारी दिवसातून दोनदा झाडावर चढे, फुलोऱ्याला पातळ धारेने छेव देई आणि खाली मडके बांधी. मडक्याला आतून चुना लावला आणि पहाटे उतरवले तर ती नीरा, पोरांनीही प्यावी अशी. चुना नसेल तर तासा-दोन तासांत तिची ताडी होऊ लागे, दुपारपर्यंत आंबट, आणि संध्याकाळनंतर चाललीच ती व्हिनेगरच्या वाटेला. झाडाला स्वतःचे घड्याळ होते. उद्यासाठी साठवून ठेवता येत नाही ते पेय माणूस किती पिणार? गोव्यात या रसाला अजून 'सूर' म्हणतात. आपली वेदातली सुरा तिथे पाव आणि सान्नां फुगवण्याच्या कामी आली, याचा मला फार आनंद वाटतो.

आमच्या वाडीत चढणारे आजोबा आता सत्तरी ओलांडून गेले. त्यांचा मुलगा कारखान्यात पाळीवर जातो. ताडावर चढायला त्याला सांगावे असे मलाही वाटत नाही. पडला तर विमा कोण देणार? खादी आयोगाने 2020 च्या जूनमध्ये डहाणूला दोनशे कारागिरांना नीरा काढण्याची हत्यारे दिली, आठवडाभर शिक्षण दिले. चांगलेच केले. पण आमच्या पाच ताडांपर्यंत त्यातले कुणी पोहोचले नाही. ताडगोळे मात्र दर उन्हाळ्यात कुणीतरी परस्पर काढून नेतो, त्याला शिक्षणाची गरज पडत नाही.

ही विद्या नुसती आळसाने मेली असे मानू नये. तिचा गळा पद्धतशीर आवळला गेला आहे. 1878 च्या अबकारी कायद्याने मुंबई इलाख्यात झाडाझाडावर जबर कर बसला. भंडाऱ्याच्या दारातले झाड त्याचेच, पण रसाला सरकारचा भाव. 1892 च्या मोहाच्या कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावर बंदी आली. म्हणजे ज्या वारल्याच्या अंगणात फूल आपोआप टपकते त्याने ते वेचायचेही नाही. घरी केलेले पिणे गुन्हा झाले आणि मक्तेदाराच्या दुकानातले विकत घेऊन, उधारीवर, जमीन गहाण टाकून पिणे हा राजमान्य व्यवहार झाला. पुढे आपल्याच सरकारने 1949 साली मुंबई दारूबंदी कायदा केला. नंतर बंदी सैल झाली, कायद्याच्या नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आला, पण कायदा उभा आहे. परवान्यावाचून घरी मद्य करणे हा आजही गुन्हा आहे, मग ते पाच टक्के असो की पन्नास. हे मी भाच्याला स्पष्ट शब्दांत सांगितले. पुण्याजवळ आणि नाशिकला मधापासून मीड करणारे रीतसर कारखाने निघाले आहेत. ते त्यांना चालते, कारण त्यांच्यापाशी परवाना आहे.

"म्हणजे घरी दोन बरण्या केल्या तर मी गुन्हेगार, आणि नाक्यावर रांगेत उभा राहून बाटली आणली तर सभ्य गृहस्थ," तो म्हणाला.

त्याचे म्हणणे मला पटते. जे सावकाश, स्वतःच्या हाताने, पंधरा दिवस वाट पाहून केले जाते ते माणूस घटाघटा पीत नाही. विषारी दारूने माणसे मरतात त्याचाही घरच्या आंबवणीशी संबंध नसतो. 2015 च्या जूनमध्ये मालवणीला शंभरावर माणसे गेली ती मिथेनॉलने, आणि ते आंबवणीतून तिथे आले नव्हते, स्वस्तात नशा विकणाऱ्यांनी ते मिसळले होते. ताडीत क्लोरल हायड्रेट मिसळणारेही त्याच जातीचे. (जाता जाता एक सांगते. मिथेनॉल या शब्दातले 'मिथ' हे ग्रीक 'मेथी'पासून आले. मेथी म्हणजे मद्य, आणि ते आपल्या 'मधु'चे सख्खे भावंड. इंग्रजी 'मीड' त्याच घरातली, रशियन 'म्योद' म्हणजे मध तोही तिथलाच. एका आईची लेकरे कुठे कुठे जाऊन पोहोचतात!)

इतके सगळे पटूनही मी त्याला वहिनींविरुद्ध मदत करणार नव्हते. त्याचे कारण वहिनींचा भाऊ.

तो चिंचणीचा. देखणा, गाणारा, बोईसरच्या एका कारखान्यात फिटर. सुरुवात ताडीनेच झाली, मित्रांबरोबर, रविवारची, उन्हाळ्यापुरती. मग पाळी सुटल्यावरची. मग ताडी पुरेना तेव्हा देशी. अडतिसाव्या वर्षी कावीळ होऊन गेला तेव्हा वहिनींनी त्याला ओळखले ते हातावरच्या गोंदणावरून. त्या हे कधी बोलत नाहीत. भाच्याने जेवताना बरणीचा विषय काढला तेव्हाही त्यांनी भाताचा घास पुरा केला आणि मग म्हणाल्या, "बाहेर काय पितोस ते मी कधी विचारलं नाही. पण माझ्या स्वयंपाकघरात नाही."

"आई, हे मोजून केलेलं असतं. टक्के काढता येतात."

"टक्क्यांचं नाही रे. घरात शिजलं की ते घरचं होतं. घरच्या पदार्थाला नको कसं म्हणायचं? पाहुणा आला, वाढा. उरलंय, संपवा. तुझा मामा आईच्या हातचं कधी टाकत नसे."

मी हातातली पोळी तशीच धरून बसले. इतक्या वर्षांत या विषयावर मी जे वाचले त्यात हा मुद्दा मला कुठे भेटला नव्हता. कौटिल्याने घरगुती सुरेला सूट दिली तेव्हा वाढणाऱ्या बाईला विचारले नव्हते.

आणि मग मला याच किनाऱ्यावरची ती जुनी गोष्ट आठवली. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने 1987 साली तिच्यावर इंग्रजीत सबंध पुस्तक लिहिले. पालघर तालुक्याच्या किनाऱ्यावरच्या मांगेला कोळ्यांमध्ये देवीची साथ शमवण्यासाठी देवीला आळवण्याचा विधी होई. या शतकभरापूर्वीच्या लाटेत, 1922 च्या सुमारास, अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून देवी काही वेगळेच बोलू लागली. दारू सोडा, ताडी सोडा, रोज अंघोळ करा, दारूविक्रेत्यांकडे कामाला जाऊ नका. किनाऱ्यावरून ही देवी डोंगरात चढली आणि गावोगाव करत सुरत जिल्ह्यापर्यंत जाऊन पोहोचली. हजारो आदिवासींनी पिणे टाकले. वरून कुणी पुढारी आला नव्हता. गांधीजींचे नाव त्यात पुढे मिसळले. कर लावून, बंदी घालून सरकारला जे करायचे नव्हते किंवा करता आले नाही ते अंगणात बसलेल्या माणसांनी आपल्यापुरते ठरवून टाकले. पुष्कळ ठिकाणी ते टिकले नाही, हेही खरे. पण पिणाऱ्याला आणि न पिणाऱ्याला ठरवण्याचा हक्क आहे, एवढे त्यांनी मक्तेदाराला दाखवून दिले.

म्हणून माझा निकाल असा, आणि तो दोघांनाही पूर्ण आवडलेला नाही. कायद्यापुरते भाच्याचे बरोबर आहे. पाच टक्क्यांच्या दोन बरण्यांमागे शिपाई पाठवणे हा सरकारचा फुकट उद्योग आहे, आणि तो कायदा बदलावा म्हणून त्याने खुशाल अर्ज करावा, मी शुद्धलेखन तपासून देईन. बदलत नाही तोवर बरणी भरायची नाही. आणि बदलला तरी वहिनींच्या ओट्यावर नाही. तिथला कायदा वेगळा आहे आणि तो करण्याचा अधिकार ज्याने घरातले माणूस पोचवले त्याचाच.

भाचा दोन दिवस घुम्यासारखा वागला. तिसऱ्या दिवशी नाशिकला जाऊन आला. तिथल्या मीडवाल्या दोघी स्त्रिया आहेत आणि त्यांनी आपल्या मीडला 'सेराना' असे नाव दिले आहे, ही बातमी त्याने मला फोनवर दिली. सेराना म्हणजे आपल्या सातेरी माशीचे शास्त्रीय नाव. मी म्हटले, चांगले आहे, पण 'सातेरी' काय वाईट होते? डोंगरातला पोऱ्यासुद्धा आग्या, सातेरी, फुलोरी या माश्या लांबून ओळखतो. आपल्याला मात्र बाटलीवर लॅटिन लागते.

मग राहिले नाव. त्याचे मागणे मी विसरले नव्हते. 'मध्वासव' सुचले, पण ते थेट वैद्याच्या कपाटातले वाटते. 'माध्वी' छान आहे, संस्कृतात मधाच्या मद्याला चालते, पण आमच्या वर्गातच दोन माधव्या आहेत. पुष्कळ विचार करून मी 'मधवणी' काढले. गुळाचे पाणी ते गुळवणी, ताकाचे ताकवणी, तशी मधाची मधवणी. कानाला हलके, उन्हाळ्याला साजेसे, आणि 'दारू'च्या रांगेत उभे न राहणारे.

भाच्याला ते आवडले. पण वहिनींना ते त्याच्याआधी आवडले, आणि त्यांनी ते ताब्यात घेतले. आता त्यांच्याकडे दुपारी कुणी आले की माठातल्या पाण्यात चमचाभर मध, लिंबू आणि चिमूटभर सुंठ घालून पेला पुढे येतो. "घ्या वन्सं, मधवणी." त्यात आंबायला काही वेळच मिळत नाही. इंग्लंडहून जपून आणलेली ती पंधरा लिटरची काचेची बरणी सध्या त्यांच्या फडताळात आहे आणि तिच्यात यंदाचे लिंबाचे लोणचे मुरते आहे. बूच मात्र त्याचेच वापरले आहे. आतली हवा बाहेर जाते, बाहेरची आत येत नाही, आणि लोणच्याला बुरशी नाही, असे वहिनी स्वतःच म्हणत होत्या.